पाणकावळ्यांसाठी शिट्टी

(दिवाळी सरली आहे, त्यानंतरची गावची मंडई म्हणजे जत्राही होऊन गेली आहे. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सकाळच्या उन्हात डोमा फाटलेलं जाळं शिवत बसला आहे. समोरच्या दगडावर गणिताचे निवृत्त मास्तर गुणवंतराव.)

गुणवंतराव : ...अमेरिका एवढा मोठा देश. त्यात हजारो शिपाई, साहेब, कारकून, आचारी. पन्नास वर्षांत उडत्या तबकडीचं एकाच्याही तोंडून निघालं नाही? हे शक्य तरी आहे का?

डोमा : काल आमच्या टीव्हीवरच्या पिच्चरमधी तं दाखवलं, गुर्जी. रंगीत दाखवलं.

गुणवंतराव : रंगीत दाखवलं म्हणून खरं झालं?

डोमा : तसं नाई. पन तबकडी दिसली न. चांदीच्या ताटावानी. खालून बत्त्या.

गुणवंतराव : ती चित्रकाराने काढलेली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलंही होतं, काल्पनिक दृश्य. तू आणि तुझा पोरगा मिथुन तेव्हा मुरमुऱ्यासाठी भांडत होता.

डोमा : मोतीबिंदू तुमाले, अन् बारीक अक्षर वाचताबी तुमीच.

गुणवंतराव : एक डोळा शाबूत आहे अजून.

डोमा : अन् थो बुढा शिपाई? रडला न शेवटी? थोबी चित्रकारानंच काढला?

गुणवंतराव : नाही. तो खरा होता. तोच डोक्यातून जात नाही माझ्या.

डोमा : पाहा.

गुणवंतराव : पाहा काय? आकाशातून कोणी आलं होतं असं मी म्हणत नाही. रानात जे पडलं तो हवामानाचा फुगाच असेल. साहेबाने सांगितलं, फुगा म्हणायचं, हा म्हणाला फुगा. मग सख्ख्या भावाने विचारलं, त्यालाही फुगाच म्हणाला. आणि भाऊ तसाच मरून गेला. ते सांगताना रडला तो. तबकडीसाठी नाही रडला.

डोमा : म्हंजे तबकडी खोटी, रडनं खरं.

गुणवंतराव : तसंच काहीसं. मला नीट मांडता येत नाही. पण त्यावरून सरकारने सगळं दडवलं असा निष्कर्ष निघत नाही. गोष्ट तिसऱ्या कानात गेली की गावाची होते, डोमा. हा नियम आहे.

डोमा : अन् गावाची झाली का मंग?

गुणवंतराव : मग काय? मग संपलं. लपवणार कोणापासून?

डोमा : एकापासून.

गुणवंतराव : म्हणजे?

डोमा : समद्या गावाले मालूम. पोट्ट्यासोट्ट्याले मालूम. फक्त एका मानसाले नाई. असं झालं तं?

गुणवंतराव : असं होत नाही.

डोमा : होते.

गुणवंतराव : कशावरून?

डोमा : आलं तुमचं कशावरून! गावात तुमाले कशावरून-गुर्जीच म्हन्ते, मालूम हाय न?

गुणवंतराव : पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

डोमा : घ्या. हेबी लपवून पाहिलं होतं आमी.

गुणवंतराव : बघ, लपलं का? शाळेत फळ्यावर कोणी तरी लिहूनच ठेवलं होतं. मला राग नाही आला. उलट बरं वाटलं, एक तरी शब्द पोरांच्या तोंडात राहिला. काल तुझी नात, ती डिंपल, पिच्चर पाहता पाहता मला म्हणते, आबाजी, तबकडी खोटी आहे कशावरून? तुझ्या रीताने लेकीला बरोबर तो एक शब्द शिकवला. माझ्या हाताखाली शिकलेली पोर, आठवण ठेवली तिने.

डोमा : आबाजी म्हनली तुमाले?

गुणवंतराव : लहान पोरं कोणालाही म्हणतात. सुई का थांबली तुझी?

डोमा : गाठ बसली धाग्यात.

गुणवंतराव : सकाळपासून तुझं लक्ष नाही. सारखा उन्हाकडे काय पाहतोस?

डोमा : बारा वाजताची नागभीडची बस हाय. पाहुने जाऊन राह्यले. मंडई सरली.

गुणवंतराव : मग जा घरी, पाहुण्यांना निरोप दे. माझ्यासमोर कशाला बसलास?

डोमा : बसतो. ...रीता अन् दिव्यानीबाई एकाच वर्गात होत्या नाई?

गुणवंतराव : ते नाव नको.

डोमा : सहा साल झाले, गुर्जी.

गुणवंतराव : साठ होऊ देत. ज्या पुजाऱ्याच्या अंगात येणं खोटं आहे हे मी याच पारीवर, चार गावांसमोर दाखवलं, त्याच्याच हातचा गंडा माझ्या पोरीच्या दंडात! कशासाठी, तर मूल व्हावं म्हणून! मी विज्ञान शिकवलं तिला, डोमा. मी एवढंच म्हटलं, गंडा काढ आणि मग उंबरठ्यात पाय ठेव. तिने काढला नाही. आली नाही. तिचं तिकडे, आपलं इकडे.

डोमा : तिकडं म्हंजे कुठी?

गुणवंतराव : असेल अहेरीला. नवरा तिथेच होता लाकडाच्या डेपोत. मला काय माहीत?

डोमा : इचारा न मंग.

गुणवंतराव : कोणाला विचारू?

डोमा : कोनालेबी. मलेबी चालते.

गुणवंतराव : विषय बदलू नको. आपलं तबकडीचं चाललं होतं. तू म्हणालास, समद्या गावाला ठाऊक आणि एकाला नाही. उदाहरण दे. हवेत बोलायचं नाही.

डोमा : उदाहरन हाय. पन देता येत नाई.

गुणवंतराव : का?

डोमा : मातामायची आन हाय. हे पाहा, थे तिकडं शेंदूर दिसते न, थिच्यासमोर घेतली.

गुणवंतराव : तू? कोणी घ्यायला लावली?

डोमा : तेबी सांगता येत नाई. आन तोडली तं तलावात मासोरी राहनार नाई.

गुणवंतराव : तलावात मासोळी पावसाने राहते आणि पावसाविना मरते. पण जाऊ दे. नको सांगू... डोमा, मला एक सांग. कालचीच गोष्ट आहे, अडकून राहिली आहे. मी म्हणालो ना, तबकडीवाले एवढ्या दुरून आले आणि नेमके वाळवंटात उतरले, त्यांना वाटेत आपला एसटीचा कंडक्टर भेटला असेल, म्हणाला असेल उतरा इथंच, पुढं गाडी जात नाही. तेव्हा आतून कोणी तरी हसलं.

डोमा : घरवाली हसली असन, गोकुळा.

गुणवंतराव : गोकुळा काल चामोर्शीच्या बाजाराला गेली होती. स्टँडवर मीच तिची टोपली वर चढवून दिली.

डोमा : मंग रीता.

गुणवंतराव : रीता माझ्या बाजूला बसून शेंगा सोलत होती.

डोमा : मांजर असन.

गुणवंतराव : मांजर हसत नाही, डोमा.

डोमा : आमचं हसते.

गुणवंतराव : पन्नास वर्षांची आपली ओळख. एका बोडीत पोहायला शिकलो. तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात.

डोमा : गुर्जी, असं करा. मी काई बोलत नाई. मी जारं शिवतो. तुमी आपलं बोलत राहा. बरोबर असन तं सुई चालन. चुकलं तं थांबन.

गुणवंतराव : आणि तुझ्या मातामायला सुईची भाषा कळत नाही वाटतं?

डोमा : थिले समदं कळते. पन आन जिभेची होती. हाताची नाई.

गुणवंतराव : हे मात्र वकिलाच्या वर झालं. बरं. काल तुझ्या भानशीत, पडद्यामागे चुलीपाशी, कोणी तरी होतं. ...चालते आहे. बाई होती. ...हं. गावातली? ...ही काय भानगड? अर्धाच टाका घातलास.

डोमा : मी काई बोललो का?

गुणवंतराव : अर्धा टाका म्हणजे... आधी गावातली होती. आता नाही. ...चालते आहे. म्हणजे लेकीबाळींपैकी. मंडईसाठी माहेरी आलेली. पण मग पडद्यामागे कशाला बसायचं तिने? मला पाहून लपायचं कारण...

डोमा : थांबले काऊन?

गुणवंतराव : काही नाही. ऊन डोळ्यावर आलं. ...डोमा, मिथुन मला बोलवायला आला होता. आजपर्यंत कधी आला नाही. दारात उभा राहून म्हणाला, गुर्जी, उडत्या तबकडीचा पिच्चर लागला आहे, तुम्हाला आवडन. ते त्याच्या डोक्यातलं नव्हतं. ...चालते आहे सुई. त्याला कोणी पाठवलं. तबकडी म्हटली की म्हातारा पुस्तक टाकून भांडायला येतो, हे जिला माहीत आहे तिने. ...हळू शिव, बोटाला टोचेल.

डोमा : टोचू द्या.

गुणवंतराव : रीताचं लग्न झालं त्याच्या पत्रिका मी लिहिल्या. शाळेचं नवं छप्पर झालं ते वर्ष. तीन वर्षं झाली त्याला. आणि डिंपल पाच वर्षांची आहे. मी काल तिला बोटं मोजायला लावली, एक हात पूर्ण झाला आणि ती म्हणाली, एवढी. ...पाचातून तीन गेले, डोमा. हे गणित मी पहिलीच्या पोरांना घालत होतो.

डोमा : गुर्जी, पानी देऊ?

गुणवंतराव : नको. दरवर्षी मंडईत दिसते ती पोर. पारीवर येते. माझ्या बोटाला धरते. आणि मी तिला... थांब. ती शिट्टी. मंडईच्या दिवसांत मी घरातून पारीकडे निघालो की पोरं शिट्टी मारतात. कोपऱ्यावर एक, पिंपळाखाली दुसरी. मी तुलाच विचारलं होतं, ही शिट्टी कसली. तू काय सांगितलंस?

डोमा : पानकावरे.

गुणवंतराव : पाणकावळे! मासोळ्या खातात, म्हणून पोरं शिट्टी मारून हाकलतात. मला पटलं. मी डिंपललाही समजावून सांगितलं, आवाजाने पक्षी कसा बिचकतो. ती सगळं ऐकून म्हणाली, पण आबाजी, पक्षी तर एकबी उडला नाई. आणि मी म्हणालो, तो पाण्यात बुडी मारून बसला असेल! ...फुगा. मला सहा वर्षं फुगा सांगितला तुम्ही.

डोमा : सुई चालून राह्यली, गुर्जी. मी थांबवत नाई.

गुणवंतराव : बंद कर ती.

डोमा : घ्या, खोसली जाऱ्यात.

गुणवंतराव : दीडशे घरं आहेत गावात.

डोमा : दीडशे घरं. अन् कंडक्टर.

गुणवंतराव : कंडक्टरही?

डोमा : थो दिव्यानीबाईले तलावाच्या मोडीवरच, स्टँडच्या अलीकडं उतरवते. स्टँडवर तुमी पेपर वाचत बसता म्हून.

गुणवंतराव : हसत असाल सगळे. कशावरून-गुर्जी. जगाला शहाणपण शिकवतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर...

डोमा : कोनी हसलं नाई. मातामायची... नाई, आन नाई घेत आता. खरं सांगतो. तुमची बाई आली पाहा. आज पोट्टे कुठी मेले? थिले सावध कराले शिट्टी नाई वाजवली एकानंबी.

शकुबाई : डोमाभाऊ, लवकर चला, थे आवरून राह्यली अन्... अगं माय. तुमी इथी?

गुणवंतराव : डबा कोणासाठी?

शकुबाई : गोकुळासाठी. करंज्या हायेत.

गुणवंतराव : गोकुळाला साखरेचा आजार आहे.

शकुबाई : डोमाभाऊ?

डोमा : मी एक अक्षर बोललो नाई, बाई. सुई बोलली.

शकुबाई : कोनती सुई?

गुणवंतराव : बस, शकू. तो डबा ठेव खाली.

शकुबाई : बसाले वेळ नाई. मंग बोला मले काय बोलाचं थे.

गुणवंतराव : सहा वर्षं माझ्या ताटात वाढलंस, माझ्याशेजारी निजलीस, आणि माझ्याशी खोटं बोललीस.

शकुबाई : खोटं नाई बोलली.

गुणवंतराव : मग हे काय?

शकुबाई : तुमी इचारलं का कदी? सांगा न. दर मंडईत मी डबा भरून निघो. तुमी पुस्तकात डोकं घालून बसा. एकदा तरी म्हनले का, शकू, कुठी चालली? साऱ्या जगाले इचारता कशावरून. देवाले इचारता, पुजाऱ्याले इचारता, अमेरिकेच्या सरकारलेबी इचारता. मले सहा सालात एकदाई नाई इचारलं, पोरगी कुठी हाय.

गुणवंतराव : मला वाटलं, तुलाही नको असेल ते.

शकुबाई : कायच्यावरून वाटलं?

गुणवंतराव : तू तिचं नाव काढलं नाहीस, त्यावरून.

शकुबाई : मी या समद्याईले मातामायसमोर उभं केलं, खरं हाय. पायधरनी केली एकेकाची. पन आन काय घेतली, मालूम हाय? आपून होऊन सांगाचं नाई. गुर्जीनं तोंडानं इचारलं का पोरगी कुठी हाय, तं ज्याले इचारलं त्यानं हाताले धरून न्याचं. मांगच्या पोळ्याले तुमी न्हाव्याकडं बसले होते. थो बिचारा वस्तरा धरून अर्धा तास थांबला, का आज इचारते का. तुमी त्याले ग्रहन समजावून सांगतलं.

डोमा : मीबी सकाळपासून तेच म्हनून राह्यलो, इचारा न, इचारा न.

गुणवंतराव : गंडा... अजून आहे?

शकुबाई : हाय.

गुणवंतराव : काळा?

शकुबाई : रंग उडाला आता.

गुणवंतराव : मूल गंड्याने झालं असं म्हणते ती?

शकुबाई : दवाखान्यानं झालं म्हन्ते. पोट फाडून झालं, माझ्यासमोर झालं. थो गंडा सासूसाठी हाय. थे बुढी अंथरुनात पडली, डोरे गेले थिचे. रोज सकाळी सुनेच्या दंडाले हात लावून पाहते, हाय का नाई. लागला हाताले, का मंग चहा पिते. येवढंच हाय थे.

गुणवंतराव : हे मला कोणी सांगितलं नाही.

शकुबाई : दारात उभी राहून सांगत होती थे. तुमी 'काढ' म्हनले. 'काऊन' नाई म्हनले. कशावरून, कशावरून करता अन् पोरीले 'काऊन बांधला, बेटा' येवढं नाई म्हनलं.

डोमा : बाई, बस...

शकुबाई : हाव. जवाई अजयले भरूचले कंपनीत नोकरी लागली. घरदार घेऊन चालले. आता दर मंडईले येनं होत नाई. रातच्या गाडीची तिकिटं हायेत नागभीडवरून. म्हून म्हने, माय, बाबाचा आवाज तं आयकून जातो. तबकडीवर बोलतीन तं तास दोन तास बोलतीन. बसली भानशीत. तोंडात पदर घालून बसली. तरी हसली येडी.

गुणवंतराव : ऐकलं मी.

शकुबाई : मंग रडलीबी. थे नाई आयकलं तुमी.

गुणवंतराव : नाही. मी तेव्हा त्या शिपायाचं पाहत होतो.

डोमा : गुर्जी, ऊन पिंपराच्या वर आलं.

गुणवंतराव : मी काय बोलू तिच्याशी? मला काही येत नाही बोलता. मी फक्त समजावून सांगू शकतो. आणि यात समजावण्यासारखं काय आहे? गंडा खोटा आहे, हे मी आजही म्हणेन.

शकुबाई : म्हना न. थेबी म्हन्ते.

गुणवंतराव : आणि ती म्हणाली, आताच का आलात, तर?

शकुबाई : तं थिले हक्क हाय.

गुणवंतराव : हो. ...डोमा, तू उठू नको. शकू, तूही इकडे बघ.

शकुबाई : पाहून राह्यली.

गुणवंतराव : शकू, आपली पोरगी कुठे आहे?

डोमा : सांगा, बाई. सुटली आन.

शकुबाई : डोमाभाऊच्या घरी हाय. डिंपलची येनी घालून राह्यली. चला.

गुणवंतराव : माझी काठी कुठे गेली? राहू दे. जवळच तर आहे.

डोमा : आरामानं, गुर्जी, उतार हाय. ...थांबा, थांबा. थे पाहा, आले पोट्टे पिंपराखाली, अन् तुमाले पाहिलं त्याईनं. अरे ए, शिट्टी नोका वाजवू रे! बाई, थांबवा त्याईले, थे पोरगी मांगच्या दारानं निघून जाईन.

गुणवंतराव : वाजू दे, डोमा.

डोमा : पन गुर्जी...

गुणवंतराव : वाजू दे गा. तिले समजू दे, मी येऊन राह्यलो.